उद्या या

कंपनी देते टॅक्सीचं भाडं, दोन वेळचं जेवण,
सयाजीगंजात तिसऱ्या मजल्यावर एक खोली,
खोलीला खिडकी, खिडकीत समोरच्या लॉजची खिडकी.
संध्याकाळ देत नाही.
ती उरते.
साडेसहाला मकरपुऱ्याचं फाटक मागे पडलं
की हाताला ग्रीसचा वास, आणि पुढचे चार तास
कुणाच्याच नावावर नसलेले.

पहिली काही वर्षं मी ते टीव्हीला दिले.
रुद्रपूर, राउरकेला, होसूर,
सगळीकडे त्याच बातम्या, तेच पनीर.
रुद्रपूरचं मला आज आठवतं
फक्त गिझरचं लाल बटण.

मग होसूरला बॅगेची चेन तुटली.
दुकानदार त्याच्या भाषेत म्हणाला, उद्या या;
बोटाच्या खुणेवरून कळलं.
दुसरा अख्खा दिवस कंप्रेसरवर वाकून
मी मनात घोळवत होते :
आज मला जायचंय, कुणीतरी वाट बघतंय
(निदान माझी बॅग).

तेव्हापासून घरून निघताना
एक मोडकी वस्तू बरोबर घेते.
नवरा म्हणतो, सांगलीतले दुरुस्तीवाले काय मेले?
मेले नाहीत.
पण सांगलीत मला संध्याकाळी काम असतं.

या खेपेला अडकित्ता.
खिळा झिजलेला, पाती लंगडत मिटणारी.
मांडवीच्या पुढे, भांड्यांच्या गल्लीत
चौघांनी चार दिशांना बोटं दाखवली,
पाचव्याने आधी ओला चिवडा चाखायला दिला, मग रस्ता.
नगीनभाई कंसारा.
स्वतःच्या चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली.
मराठी चौथीपर्यंतची, शेजारच्या शाळेतली.
"रिबीट मारायला लागेल. घाई नाय ने?
उद्या या."
घरात सुपारी आता कुणीच खात नाही,
हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी झाला नव्हता. लाइट नव्हती म्हणाले.
मी चेहरा जरा पाडला, शोभेपुरता,
आणि सूरसागरच्या कठड्याशी सेव-उसळ घेऊन बसले,
नाकातून पाणी येईपर्यंत.
पलीकडे एक जण फोनवर भांडत होता, मराठीत.
आपली भाषा म्हणून ऐकत राहिले;
त्याच्या मेव्हण्याच्या जमिनीचे गट नंबर
मला अजून पाठ आहेत.

तिसऱ्या दिवशी तयार.
नगीनभाईंनी गल्ल्यातून सुपारी काढली,
कट्ट. खांडाचा मोठा तुकडा माझ्या तळहातावर.
"बघा. सैल नाय, घट्ट नाय."
वीस रुपये.
पावती मागायची सवय ओठांपर्यंत आली,
सुपारीबरोबर गिळली.

चौथा दिवस हिशेबात नव्हता.
वॉल्व्ह आलाच नाही, मुक्काम वाढला,
आणि माझ्याजवळ मोडलेलं काही उरलं नाही.
बॅग उलटी केली. चार्जर चालू, छत्री धड,
घड्याळ मिनिटाला मिनिट.
लॉजच्या जिन्यात उभं राहून, आजूबाजूला बघून,
चपलेचा अंगठा जरा ओढून पाहिला.
टाके पक्के होते. मेला सांगलीचा चांभार.

तरी गेले. रिकाम्या हातांनी,
गल्लीच्या तोंडाशी दोनदा मागे फिरून.

"काय बिघडलं आज?"
"काही नाही."
त्यांनी पायानेच स्टूल पुढे सरकवलं.
"मग बसा. काही बिघडत नाही."

एका तांब्याचा पोचा काढत होते ते,
आतून ठोकत, बाहेरून बोटाने चाचपत.
तांब्या सारखा निसटत होता.
मी पलीकडून धरला.