नावेचं नाव

सारसोळे जेटी, ओहोटी.
उलट्या क्रेटवर बसून डिंपल मुळं घोकते :
टेरा, जमीन. अ‍ॅक्वा, पाणी.
मधल्या चिखलाचं मूळ यादीत नाही,
ते तिला घोट्यापर्यंत ठाऊक आहे.

मूळ धरा, म्हणाले क्लासचे सर,
एक हाताला लागलं की दहा शब्द वर येतात.
वेलीसारखं, ते म्हणाले.
पाग ओढल्यासारखं, तिच्या मनात आलं.

नॅव्ह, जहाज.
नेव्ही, नेव्हिगेट,
आणि त्याच गोतातला ग्रीक नॉशिया,
म्हणजे चक्क बोट लागणे!
ती मोठ्यानं हसते.
पप्पा जाळ्यातून मान वर काढत नाहीत :
‘आपल्याला नाय लागत गो कधी.’

नॅव्ह जरा सैल उच्चारलं
की उरते नाव.
हे सरांनी सांगितलेलं नाही.
ती वहीच्या कडेला पेन्सिलीनं लिहून ठेवते,
चूक निघालं तर खोडता यावं म्हणून.

नोव्ह, नवीन.
पाम बीचपलीकडे क्रेन फिरतेय.
नोमेन, नाव.
पुन्हा नाव!
पाण्यावरची वेगळी, कागदावरचं वेगळं,
आणि दोन्ही तिच्याच तोंडात, केव्हापासून.

संध्याकाळी लायसनचा फॉर्म येतो, इंग्रजीतला.
घरात इंग्रजी तीच भरते.
नाळेवरचा रंग खाऱ्यानं खाल्लाय,
‘जयवंती’तला ‘ज’ गेलाय.

‘पप्पा, नावेचं नाव काय टाकू?’
‘कशाचं?’
‘नावेचं.’
‘म्हंजे?’
‘होरीचं.’
‘मंग तसं बोल ना.’