ओहोटीत फ्रीज

होडी रुतली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील.
पाणी आमच्याखालून कधी निघून गेलं कळलंच नाही,
बोलण्याच्या नादात पाहुणा उठून जावा तसं.

होडीत मी, सेपे मावशी,
आणि सुंभाने करकचून बांधलेला पांढराशुभ्र फ्रीज,
ग्वामहून तिच्या पालिकने पाठवलेला.

कोस्रायच्या या टोकाला रस्ता नाही.
कांदळवनातून ही एवढीच वाट,
आणि तिचाही दिवसातून दोनदा चिखल होतो.

"आता गं?"
"आता काय! येईल दुपारी पाणी. जाणारे कुठे?"
तिने भाजलेला नीरफणस काढला, अर्धा मला दिला.

मग बसलो. डास मारत, मुळं बघत.
ओचे खोचून निघालेल्या बायांसारखी झाडं,
मध्येच काहीतरी आठवून थांबलेली.
चिखल टिचक्या वाजवत होता.
निवटे आले डोळे वटारून,
फ्रीजच्या सावलीत जरा बसले, कंटाळून गेले.

टप्प.
वरून शेंग पडली, हातभर लांब, टोक खाली,
शेजारीच चिखलात उभी राहिली.
"झाडावर असतानाच कोंब येतो हिला," मावशी म्हणाली.
"ओहोटीला पडली तर इथेच रुजते, आईच्या पायाशी.
भरतीला पडली तर…"
तिने हात समुद्राकडे केला.
बराच वेळ हात तसाच होता.

"आमचा पालिक भरतीचा."

गावात जनरेटर चालतो संध्याकाळी दोन तास.
हे पालिकला ठाऊक नाही असं नाही.
मासळी टिकेल आई, म्हणाला होता फोनवर.
"आणि एवढी टिकवायची कुणासाठी?"
हे तिने फोनवर नाही विचारलं,
मला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता
मांडीभर चिखलात उतरली.

मुळाखालच्या बिळात खांद्यापर्यंत हात,
गाल चिखलाला टेकलेला, डोळे मिटलेले,
जणू आत कुणी काही सांगतंय.
ताटाएवढा खेकडा निघाला.
नांग्या वेलीने बांधल्या,
फ्रीजची दोरी सैल केली, दार उघडलं,
नव्या प्लास्टिकचा वास कांदळवनात पसरला.
भाजीच्या कप्प्यात ठेवला त्याला,
दार लावलं, आणि इतकी हसली
की होडी हलली.

हसण्यानेच हलली असं वाटलं मला.
पण पाणी आलं होतं, एक बोटभर,
मुळांमधून, काही न बोलता.

गावापर्यंत मी वल्हवत होतो
आणि पाठीमागे, बंद दाराआड,
कुणीतरी सारखं खरवडत होतं.