नऊ सेकंद

माणसं येतात, असं यंत्र सांगतं.
काल एकेचाळीस आली,
सरासरी नऊ सेकंद थांबली
आणि गेली.
मी हे सांगितलं तेव्हा अब्बा निसण्यावर
पाणी शिंपडत होते.
म्हणाले, नऊ सेकंदांत तर
माणूस चप्पलसुद्धा काढत नाही.

तासगावात आमचं दुकान आठ बाय दहा.
एक मोटर, दोन चाकं, एक बाकडं.
खिळ्यांवर छाटणीच्या कात्र्या,
विरळणीच्या बारीक, चिमणीच्या चोचीएवढ्या,
आणि ऑक्टोबर लागला की बाहेर
मोटरसायकलींची रांग सायकलवाल्याच्या दारापर्यंत.
बाकड्यावर बसल्याशिवाय कुणाचं काम होत नाही.
"कुठनं आलायसा? बाग कंची, थॉमसन का सोनाका?"
उत्तर येईपर्यंत अब्बांचा अंगठा
पात्यावरून फिरून आलेला असतो.

मी केलेली वेबसाईट मात्र
कुणाला काही विचारत नव्हती.
वर सरकणारी पाच चित्रं,
कुठल्याशा परक्या मळ्यात हसणारं गोरं कुटुंब,
खाली ठळक अक्षरांत:
गुणवत्ता हीच आमची ओळख.
"ही कुणाची ओळख?"
"आपली, अब्बा."
"मग ह्यात मी कुठाय?"

त्या रात्री मी कुटुंब काढून टाकलं.
चित्रांचं सरकणं थांबवलं.
गुणवत्ता पुसताना हात जरा अडखळला,
सतराशे रुपये मोजले होते त्या साच्याचे.

पण मग ठेवायचं काय?
फोटोतली कात्री कात्रीच दिसते.
बोथट असो, धारदार असो,
पडद्यावर दोन्ही सारख्याच चकाकतात.

अब्बा धार डोळ्यांनी बघतच नाहीत.
कात्री कानाशी नेतात,
हवेत एकदा मिटतात.
कच आली तर बाजूला.
कचर्र आली तर पुन्हा चाकावर.
चाळीस वर्षांच्या घरघरीनं उजवा कान खाल्ला,
सगळा धंदा आता डाव्यावर चालतो.

मी मोटर बंद केली.
समोरच्या सुभानला म्हटलं, स्टोव्ह जरा दमानं.
मोबाईल अब्बांच्या डाव्या कानाजवळ धरला
आणि दोनच आवाज घेतले,
एक नुकत्या लावलेल्या धारेचा,
एक कुणीतरी टाकून गेलेल्या कात्रीचा.
दुसऱ्यात मागं एक कावळा आलाय. राहू दिला.
सगळ्यात वर लिहिलं,
"तुमची कात्री यातली कुठली?"
खाली अब्बांचा हात, अंगठ्यावरच्या जुन्या चिरेसकट,
भाव, नंबर,
आणि शुक्रवारी दुपारी दुकान बंद.

यंत्र म्हणतं, माणसं आता थांबतात.
"किती?"
"दोन मिनिटं."
"हां," अब्बा म्हणाले, "चहा यायला तेवढी लागत्यात."

मंगळवारी सावळजहून फोन आला.
विरळणीच्या टोळीतली, अंजिरा नाव सांगितलं.
पोराच्या मोबाईलवर बारा जणींनी
बांधावर डोकी जोडून ऐकलं म्हणाली.
"आमच्या समद्या दुसऱ्या आवाजाच्या निघाल्या बघा.
कावळा सोडून."
हसली.
मग आवाज खाली आणून,
"मी डावरी हाय. पयल्या आवाजाची
डाव्या हाताला गावंल का?
अंगठ्याला फोड धरून सोळा हंगाम काढले."

अब्बा बराच वेळ काही बोलले नाहीत.
किती डावखुरी माणसं
ह्याच बाकड्यावर बसून
उजव्या हाताची कात्री घेऊन गेली असतील.
गाव विचारलं, बाग विचारली.
हात विचारायचा राहिला.

आता निसण्याशेजारी एक उलटी कात्री पडून असते.
दोनदा पातं चुकलं, एकदा खिळा.
अब्बा ती सवयीनं उजव्या कानाशी नेतात,
थांबतात,
हात बदलतात.
अजून कचर्रच.

साईटवर मी तिसऱ्या आवाजाचं बटण
आधीच करून ठेवलंय.
दाबलं तर काही ऐकू येत नाही,
नुसतं लिहिलंय, डाव्या हाताची, चालू आहे.
काल सात जणांनी दाबून बघितलं.