भिंतीवरची वैनगंगा

सव्वीस जूनला शाळा उघडली.
आमच्याकडे आधी उन्हाचं चालतं, मग सरकारचं.
नर्सबाई म्हणून आईची बदली झाली,
तिच्याबरोबर माझीही,
फक्त मला कुणी ऑर्डर दिली नव्हती.

तिसरीचा वर्ग. तापलेले पत्रे.
बाई म्हणाल्या, नाव सांग, गाव सांग.
"प्रणोती वलथरे. आमचं घर बोडीच्या पारीवर."
"बोडी म्हंजे काय वं?"
मागून कुणी तरी फिसकन हसलं.
आता बोडीला
बोडी सोडून काय म्हणायचं?
इथे घरापासून शाळेपर्यंत सगळी पऱ्हाटी,
आणि पाणी टँकरने येतं, एक दिवसाआड.

भिंतीवर ऑइलपेंटचा महाराष्ट्र होता.
त्याच्या उजव्या कोपऱ्यात कुणी खिळा ठोकलेला,
खिळ्याला खडूची पिशवी,
पिशवीमागे वैनगंगा, दोऱ्याएवढी निळी.
आमचं गाव त्यात नव्हतंच.
मधल्या सुट्टीत सगळे खिचडीच्या रांगेत असताना
मी ते जिथे असायला हवं तिथे बोट ठेवलं.

बोट ओलं झालं.

चाटून पाहिलं.
कच्च्या शिंगाड्याची चव.

कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?
दुसऱ्या दिवशी मनगटापर्यंत हात गेला.
तिसऱ्या दिवशी एक मासोळी
माझ्या अंगठ्याला धडकली, थोडी विचारात पडली,
आणि नदीची रेघच नाही त्या बाजूला निघून गेली.

"काय करून रायली वं?"
संघपाल. जिनिंगच्या मशीनसारखा बोलणारा.
मी त्याचं बोट धरून नदीत बुडवलं.
तेवढ्यापुरती मशीन बंद.
मग हळूच म्हणाला, "खारं हाय?"
"नाही."
"मंग इकडं आन नं थोडं."
आणि ओल्या बोटाने त्याने रेघ ओढली
वैनगंगेपासून थेट आपल्या शाळेपर्यंत,
वाटेतला नागपूर जिल्हा न विचारता कापत.
रेघ वाळलीच नाही.

मग काय! पाट्या तिथेच पुसल्या जाऊ लागल्या.
इशिका राठोडने त्यात कंपासपेटी धुतली,
कुणी चिंचोके सोडले,
कुणी बाभळीच्या शेंगेची होडी,
आणि मला विचारून विचारून
सगळे "बोडी, बोडी" म्हणू लागले,
जणू तो त्यांचाच शब्द होता.

शनिवारी बाईंचा पाय घसरता घसरता राहिला.
"कोणी सांडलं हे?"
आम्ही सगळे छताकडे पाहत बसलो.
बाई पदर घेऊन भिंत पुसायला गेल्या
आणि त्यांचा हात तिथेच राहिला,
बराच वेळ, बांगड्यांसकट.
बाई कुठल्या, हे आम्ही
कधी विचारलंच नव्हतं.

नंतर त्यांनी हजेरी परत घेतली. आवाज जरा ओला.
"प्रणोती वलथरे?"
मी तोंड उघडायच्या आत
भिंतीत डुबुक वाजलं.
बाईंनी मान न वर करता खूण केली.

संघपाल मात्र गैरहजर लागला त्या दिवशी.
मासोळी कुठवर गेली ते पाहायला
तो कोपरापर्यंत आत होता.