ओळीची लांबी

बाबांचे कान रबाळ्याच्या प्रेस शॉपनं घेतले,
उजवा आधी, डावा व्हीआरएसच्या वर्षी.
तेव्हापासून ते सिनेमा वाचतात.
जेवणं झाली की घणसोलीच्या आमच्या दीड खोलीत
लॅपटॉप पाटावर, चष्मा कपाळावरून नाकावर,
आणि पडद्याच्या तळाशी
पांढऱ्या अक्षरांची वाट बघणं.

मी महाप्यात, चौथ्या मजल्यावर, रात्रपाळीला
दुसऱ्यांच्या प्रोग्रामांशी खोटं बोलून बघते.
पगार त्याचाच.
मंगळवारी पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
बाबा वापरतात त्याच प्लेअरला
सबटायटलची एक फाइल दिली.
फाइल म्हणाली, माझी ओळ चाळीस अक्षरांची.
प्लेअरनं चाळीस पानं मांडली.
फाइलनं चार हजार जेवायला आणले.

त्यानं मोजलंच नाही.
अक्षरं सांडत गेली शेजारच्या कप्प्यात, त्याच्या शेजारच्या,
काम उरकल्यावर कुठे परतायचं
तो पत्ता लिहिलेला असतो तिथवर,
आणि त्या पत्त्यावर मी दिलेला पत्ता बसला.
प्लेअर मुकाट माझ्याकडे आला,
घरमालकाच्या किल्ल्या घेऊन, त्याच्याच चपला घालून.
पडद्यावर सिनेमा चालूच.
नायिका जिना उतरत होती.

सुहैल म्हणाला, क्रिटिकल, दहापैकी नऊ पॉइंट आठ!
आम्ही टाळी दिली, चहा मी पाजला.
अर्धा कप प्यायल्यावर मला घर आठवलं.

बाबा फाइली कुठून कुठून उतरवतात,
इराणी, मल्याळम, कोरियन,
कुणा अनोळखी माणसानं फुकटात टंकलेल्या.
एवढा भरवसा त्यांनी पतपेढीवरही ठेवला नाही कधी.

बनवणाऱ्यांना कळवलं. ते म्हणाले, आभार, थांबा, कुठे बोलू नका.
बाबांशी तशीही मी बोलत नाही, लिहिते.
वहीत लिहिलं: परक्या फाइली लावायच्या नाहीत, प्लेअरला भोक आहे.
त्यांनी खाली लिहिलं: कसलं?
मी दोन पानं भरली. पंगत, पत्ता, किल्ल्या, सगळं.
त्यांनी बोट ठेवून सावकाश वाचलं
आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं विचारलं,
"गार्ड कुणी काढला?"

अठ्ठ्याऐंशी साल. साठ टनी प्रेस.
हात आत असेल तर ठोका पडू न देणारी जाळी.
जाळी लावून पाळीला बाराशे पीस, काढून सतराशे.
"काढा असं साहेब कधी म्हणाला नाही हां.
सतराशे कुठून आले, तेही त्यानं विचारलं नाही.
मढवीनं काढली, आणि मढवीची..."
बाबांनी डाव्या हाताची तीन बोटं दुमडली.
"मशीन थांबली नाही. पुढचा पीस बरोबर निघाला."

त्या रात्री मी तो जुना कोड पुन्हा उघडला.
मोजणारी ओळ होती.
अकरा वर्षांपूर्वी कुणीतरी तिच्यापुढे
दोन तिरक्या रेघा मारून तिला झोपवलं होतं.
शेजारी एकच शब्द: स्लो.

सतरा दिवस बाबांनी एकच गोष्ट पाहिली,
आत्याच्या साखरपुड्याची कॅसेट, याच खोलीत भरलेली.
तिची सबटायटलं माझी.
मी कंसात आवाजही लिहिते, जरा पाल्हाळच लावते.

अठराव्या दिवशी नवा प्लेअर आला.
हा मोजतो. मापाबाहेरचं सरळ कापतो.
आत्या लाजली, मामांनी पेढा पुढे केला,
आणि खाली माझी ओळ आली:
(आतून आईची हाक, बांगड्या, आणि कुकरची तिस

बाबा अर्ध्या शब्दाकडे थोडा वेळ बघत राहिले.
मग उठले
आणि गॅस बंद आहे ना, ते पाहून आले.