अडीच गुंजा

रात्री साडेआठला सराफ्यात शटरं उतरतात
आणि आमच्याच ओट्यावर गराडूवाला कढई मांडतो.
दिवसभर जिथे सोनं जोखलं
तिथे आता धूर, तळण, द्रोण हातात घेऊन उभी गर्दी.
मी छोटा काटा रुमालात गुंडाळतो, स्कूटर काढतो.
शेठ काही विचारत नाहीत.
घरी माझं दुसरं दुकान उघडायचं असतं.

रेवासाठी पोहे, कोरडे, अठरा ग्रॅम.
बटाटा तीस. शेंगदाणा नाही.
सेव बेसनाची, म्हणून तीही नाही, आणि ही राहते इंदुरात!
जिरावन मात्र चिमटीने टाकतो, न मोजता.
एवढी एक उधळपट्टी घरात ठेवली आहे.

वडील गुंजांनी जोखायचे.
आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.
लाल चकचकीत बी, मी एकदा तोंडात घातली
तर थोबाडीत बसली : थुंक, विष आहे ते.
कटारिया मॅडमनी वहीत लिहून दिलं,
फेनिलअलॅनिन, दिवसाला तीनशे मिलिग्रॅम.
मी मनात हिशेब फिरवला :
अडीच गुंजा.
तेव्हा कुठे मला ते कळलं.

बाकीचंही मी माझ्याच धंद्यातून समजून घेतलं.
डाळ म्हणजे दुसऱ्या कुणाचा गुंफलेला हार.
पोट त्याची गाठ सोडतं, मणी सुटे करतं, वीस तऱ्हांचे,
आणि ज्याचं त्याचं शरीर पुन्हा आपल्या मापाचं ओवतं :
रक्त, नख, दंडातलं बळ, पापणीचा केस.
त्यातले नऊ मणी घरी घडत नाहीत,
बाहेरूनच आणावे लागतात.
नवातल्या एकाला पैलू पाडणारा कारागीर
रेवाच्या पेढीवर कामाला आलेलाच नाही.
मणी येत राहतात. साचतात.
साचलेले रक्तातून डोक्यात चढतात.

मग तो मणी बंदच करू, मी म्हणालो.
मॅडम म्हणाल्या, नाही चालत.
त्याच्यावाचून वाढ नाही. तोही हवा, मोजून हवा.

सोन्यात हीण किती, मी बोटांनी सांगतो.
पण विष आणि गरज एकाच पारड्यात
कधी जोखली नव्हती.

निहार तिच्याहून सात वर्षांनी मोठा.
त्याच्या वेळी टाचेतला थेंब कुणी घेतला नाही,
कागदावर वाळवून कुठे पाठवला नाही.
बारशाला बायका म्हणाल्या, केवढा गोरा,
केस बघा, जशी सोन्याची तार.
मी सोनार. मला आनंद झाला.
दुपट्यांना उंदरांसारखा वास यायचा,
आम्ही कपाटामागे पिंजरा लावला.
आणि दूध, वरण, पनीर,
शहाण्या आईबापांसारखं पोटभर भरवलं.

तो बोलत नाही. अकरा वर्षांचा आहे.
त्याच्यामुळे हिची तपासणी वेळेवर झाली.
कसोटीचा दगड ठरला तो,
असं मी एकदा बोलून गेलो.
विनया दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आता काट्यापुढे दोघं बसतात.
पोहे पडतात, आकडा चढतो,
अठरा आले की रेवा ओरडते, बस!
मग नाक दाबून डब्यातल्या पावडरीचं ते उग्र पाणी पिते,
त्यात बाकीचे सगळे मणी आहेत, तो एक सोडून.
कधी निहार हळूच पारड्यावर बोट ठेवतो.
आकडा उडतो, चाळीस, सत्तर.
दादा, उचल ना.
तो उचलतो. एवढं त्याला कळतं,
किंवा तिचा आवाज कळतो.

सकाळी काटा पुसून परत सराफ्यात.
पहिलं गिऱ्हाईक अंगठी काढून देतं,
आणि पारड्याच्या कडेला एक पोहा चिकटलेला दिसतो.
शून्य दशांश शून्य दोन.
मी तो नखाने काढतो,
आणि गिऱ्हाइकाची नजर चुकवून
खाऊन टाकतो.