ठळक आकडा

रिपोर्टात एकच आकडा ठळक छापलाय,
पाच पूर्णांक नऊ, शेजारी चांदणी.
बाकीचे सगळे शहाण्या मुलांसारखे रांगेत.

कन्नमवार नगरच्या जिन्यातच उघडला मी तो,
दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यामध्ये, जिथे बल्ब टिकत नाही,
आणि घराची कडी काढेपर्यंत आजारी झाले होते.

रेवणकर वहिनी म्हणाल्या, कोबी बंद.
त्यांच्या सुनेनं सांगितलं, धण्याचं पाणी, अनशापोटी.
डोंबिवलीहून दिरांनी गोळीचं नाव, डोस, वेळ, सगळं फोनवर दिलं,
त्यांना लागू पडली, म्हणजे मला पडणारच.
केमिस्टकडचा पोरगा पाकीट काढूनच उभा,
"ताई, पंधरा देऊ की तीस?"

मी म्हटलं, थांब.
आणि शब्द तोंडातून गेला तसे बाबा आठवले.

तेही म्हणाले होते, थांब.
गॅस आहे, सोडा दे, उजाडलं की बघू.
गंजिफ्रॉक घामानं पाठीला चिकटलेलं,
जबडा दुखतोय म्हणाले
तर मी दातांच्या डॉक्टरचा नंबर शोधत बसले.
राजावाडीत पोचलो तेव्हा उजाडलंच होतं.

त्यानंतर आठ वर्षं मी कशालाच थांबले नाही.
लेकाच्या खोकल्याला एक्स-रे, माझ्या ढेकरेला ईसीजी.
तीन डॉक्टरांच्या तीन फायली कपाटात,
अबोला धरलेल्या जावांसारख्या.

म्हणून या वेळी विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून नेलं:
गोळी नाही घेतली तर काय होईल?
हा आकडा चुकू शकतो का?
तिसरा प्रश्न लिहून खोडला.

डॉक्टर मिस्किटांनी आकडा नंतर पाहिला.
आधी नाडी, मग गळ्याला हात, आवंढा गिळायला लावला.
झोप कशी? पाळी? मध्यंतरी ताप येऊन गेला?
गेला होता. मी विसरलेच होते.
"मग दीड महिन्यानं पुन्हा तपासू. तोवर गोळी नको.
मध्येच गळा सुजला, थकवा वाढला,
तर तारखेची वाट बघू नका."
दीडशे रुपये देऊन मी जवळजवळ कोरा कागद घेतला.

उठता उठता खोडलेला प्रश्न निसटलाच,
थांबायचं कधी, धावायचं कधी, हे कळतं कसं?

त्यांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.
"छातीत दाटलं, श्वास अडला, अर्धं अंग लुळं पडलं,
तर माझ्याकडेसुद्धा येऊ नका, थेट हॉस्पिटल गाठा.
बाकीच्याला बहुतेक वेळ असतो."

बहुतेक, म्हणाल्या.
त्या एका शब्दावर मी इतक्या दिवसांनी
विश्वास ठेवला कुणावर तरी.

रात्री कोबी केला, मटार घालून.
वाटीभर रेवणकर वहिनींकडे पाठवला.
वाटी रिकामी कशी परत यायची?
आली, काठोकाठ धणे भरून.